गुणाचा पाय

माणसं चेहरा धुतात, पाठ धुवत नाहीत. हात पोचत नाही म्हणून असेल, नाहीतर कोण बघतंय म्हणून असेल. मी बघायचे. ज्या वयात इतर मुली सागरगोटे खेळत होत्या त्या वयात मी डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या उंबऱ्यात उभी राहून परक्या माणसांच्या उघड्या पाठींवर टाच टेकवत होते, आणि ती टाच उचलली की खाली नळावर जाऊन राखेनं घासत होते. कारण मी पायाळू होते. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसाची लाथ पाठीत बसली की उसण निघून जाते, धरलेली कंबर सुटते, असं आमच्याकडे सगळे मानत. अजूनही मानतात. परवाच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने विचारलं होतं, ओळखीत कोणी पायाळू आहे का, अर्जंट. खाली लगेच दोन फोन नंबर आले आणि पाचसहा जणांनी हात जोडले. मी तो ग्रुप म्यूट करून टाकला.

या सगळ्या प्रकाराची व्यवस्था माईंकडे होती. माई म्हणजे माझी आजी, अप्पांची आई. चाळीत त्यांचा शब्द चालायचा आणि तो चालतो हे त्या दिवसभर तपासून बघत असायच्या. पायाळूच्या लाथेचं शास्त्र त्यांनी स्वतः बसवलं होतं. वार रविवार किंवा बुधवार. लाथ मारणारीने काही खाल्लेलं नसावं. दुखणाऱ्याने उंबऱ्यावर आडवं पालथं पडावं, डोकं बाहेर गॅलरीत, पाय आत. टाच डाव्या पायाची, तीनदा. उठल्यावर मागे वळून बघायचं नाही आणि माझ्याशी काही बोलायचं नाही. त्यातलं किती त्यांना गावाकडून मिळालं होतं आणि किती त्यांनी जागच्या जागी रचलं होतं, कोणास ठाऊक. एकदा कोणीतरी शनिवारी आला तर त्याला परत पाठवलं, आणि दुसऱ्या शनिवारी त्यांची भाची आली तेव्हा शनिवारही चालतो असं निघालं.

रविवारी सकाळी चाळीत घरोघरी पोह्यांची फोडणी बसायची. मोहरी तडतडायची, कढीपत्त्याचा वास गॅलरीभर फिरायचा, पलीकडच्या खोलीत रेडिओ लागलेला असायचा, आणि मी रिकाम्या पोटाने उंबऱ्याशी उभी. समोर जी पाठ यायची तिचा वास त्या पोह्यांच्या वासात मिसळायचा. आजही पोहे समोर आले की पहिला घास मला जड जातो. घरात कोणाला हे खरं वाटत नाही. काय काय लावून यायचे लोक. लसणीचं जळकं तेल. एरंडाची पानं शेकून बांधलेली, ती सोडली की खाली ओलसर पांढरी पडलेली कातडी. कोणी बिब्बा लावून घेतलेला असायचा, त्याचे फोड उठून फुटलेले. कोणी तुंबडी लावून घेऊन आलेला असायचा, पाठभर काळेनिळे गोल. एकाला लोखंड तापवून डाग दिलेले होते आणि ते पिकले होते. तो म्हणाला, “जरा बाजूने मार हं, बेबी.” मी बाजूने मारली आणि तरी टाचेला ओल लागली. त्या दिवशी मी इतकी राख घासली की पाऊल सोलवटलं. माईंनी त्यावर खोबरेल लावलं आणि म्हणाल्या, “जपावं गं, गुणाचा पाय आहे.” माझा पाय, माझा नव्हे, गुणाचा.

सगळेच वाईट होते असं म्हणणार नाही. आंबिवलीकडून एक म्हातारी यायची, भात लावून लावून कंबर गेलेली. तिची पाठ कोरडी, स्वच्छ, उन्हात वाळवलेल्या लाकडासारखी. नियम मोडून माझ्याशी बोलणारी ती एकटीच. “तुजा खाऊन झाला का गो?” असं ती पडल्यापडल्या विचारायची आणि माई खाकरायच्या. बाकी कोणाला मी दिसतच नव्हते. त्यांना टाच दिसत होती. दोन्ही मोठ्या बहिणींना हे काम नव्हतं आणि माईंच्या लेखी त्यामुळे मानही नव्हता. त्यांना माई “ह्या दोघी” म्हणायच्या आणि मला नावाने, कुसुम म्हणून हाक मारायच्या. साखरेचा डबा माझ्यासाठी आधी उघडायचा. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

आता माझे स्वतःचे गुडघे आणि कंबर बोलायला लागलीत. ठाण्याला एका मुलीकडे जाते मी, फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्या नातीहून थोडी मोठी. ती मला पाठीवर झोपवून कंबर उचलायला लावते, भिंतीला टेकून उठाबशा काढायला लावते आणि रोज चाललात का म्हणून दरडावते. पहिल्या दिवशी तिने माझ्या उघड्या पाठीवर तळवा ठेवला तेव्हा मी एकदम म्हणून गेले, “तुला किळस नाही गं येत?” ती हसली. “काकू, सवय होते.” मी म्हटलं, मला नाही झाली कधी. मग तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, अचानक धरलेली कंबर बहुतेक वेळा माणूस हिंडताफिरता राहिला तर आपली आपण सुटते, लाथ मारा नाहीतर नका मारू. जुनं दुखणं मात्र असं जात नाही. त्याला रोजचा व्यायाम लागतो, शेक लागतो, वाकायची उचलायची पद्धत बदलावी लागते आणि कंटाळून चालत नाही. म्हणजे माझी सगळी कीर्ती आपोआप बऱ्या होणाऱ्या पाठींवर उभी होती. तिच्याकडून घरी येताना स्टेशनजवळ एक दुकान लागतं. आत गरम होणारे पलंग आहेत, फुकट झोपून बघा म्हणतात आणि माझ्या वयाची शहाणीसुरती माणसं बाहेर खुर्च्यांवर नंबर लावून बसलेली असतात. एक उठतो की त्याच्याच घामावर दुसरा पडतो. मी नाकाला पदर लावून पुढे जाते.

जुन्या दुखण्याची खरी पाठ आमच्या घरातच होती. आईची. तळमजल्याच्या नळावरून ती पाण्याच्या बादल्या वर आणायची, एक हात बादलीला, दुसरा कमरेवर. स्टोव्ह जमिनीवर, पोळपाट जमिनीवर, धुणं मोरीत उकिडवं बसून. उठताना ती भिंतीला तळवा लावायची आणि तोंडातून वाफ सोडल्यासारखा आवाज यायचा. भिंतीवर त्या जागी एक तेलकट डाग पडला होता. संध्याकाळी ती मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून कमरेला लावायची. गंमत म्हणजे सगळी डोंबिवली माझ्या टाचेखाली येऊन गेली, पण आई एकदाही उंबऱ्यावर आडवी पडली नाही. कोणी म्हणालं, “अहो, तुमच्या तर घरातच औषध,” तर ती म्हणायची, “पोटच्या पोरीचा पाय कसा लावून घ्यायचा?” सगळ्यांना ते पटायचं. मलाही पटायचं.

मग साहेब आले. अप्पा ठाण्याला एका कचेरीत होते आणि साहेब हे त्यांचे साहेब. साहेबांची पाठ बरीच वर्षं दुखत होती. गोळ्यांनी पोटात आग होते म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या आणि बाकी सगळं करून पाहिलं होतं. अप्पांनी कधीतरी कौतुकाने माझा विषय काढला असणार. एका रविवारी टांगा चाळीसमोर थांबला, सगळी चाळ गॅलरीत आली आणि साहेब कठड्याला धरून एकेक पायरी वर चढले. त्यांनी कोट काढला, सदरा काढला, मग कमरेचा जाड कापडी पट्टा सोडला. तो पट्टा कित्येक महिन्यांत धुतलेला नसावा. तो सुटल्यावर जो वास आला तो मी इथे लिहिणार नाही. पट्टा त्यांनी आमच्या पाटावर ठेवला, ज्या पाटावर आम्ही जेवायला बसायचो. आईने तो पाट नंतर जिना उतरून खाली नेला आणि माती लावून घासला.

साहेबांची पाठ रुंद, पांढरीफटक, मधोमध पट्ट्याने पडलेला लाल ओला पट्टा, त्यावर घामोळं. मी टाच लावली, तीनदा. साहेब म्हणाले, “अहो, हलक्या हाताने काय मारतेय ही. उभी राहू दे की.” नियम सांगायला माई पुढे होतील असं मला वाटलं. पण साहेबांपुढे माईंचे नियमही पालथे पडले. “राहा गं उभी,” त्या म्हणाल्या. मी भिंतीला धरून त्या पाठीवर उभी राहिले. पायाखाली ते मांस हललं. पोटात काही नव्हतं म्हणून बरं, नाहीतर मी तिथेच ओकले असते. उठल्यावर साहेबांनी कंबर फिरवून पाहिली आणि म्हणाले, “फरक आहे. निश्चित फरक आहे.” अप्पांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचाही राग आला.

पुढच्या आठवड्यात अप्पा घरी आले ते बातमी घेऊनच. साहेबांच्या मते जुन्या दुखण्याला एकदा लाथ मारून भागायचं नाही, रोज सकाळी हवी. तेव्हा मे महिन्याची सुटी लागली की कुसुमने त्यांच्याकडे ठाण्याला राहायला यावं. मोठं घर आहे, आंबे आहेत, बागेत झोपाळा आहे. सुटीभर. अप्पा हे आंबे आणि झोपाळा मला सांगत होते, पण बघत होते आईकडे.

“सुटीभर रोज?” आई म्हणाली.

“सकाळचं काम. मग दिवसभर खेळायला मोकळी.”

“परक्या घरी पोर एकटी ठेवायची, माणसाच्या पाठीवर उभं राहायला?”

“परकं कसलं? साहेब आहेत ते,” अप्पा म्हणाले. “आणि मी हो म्हणून आलोय.”

माई जपमाळ ओढत होत्या. “एवढा मोठा माणूस आपल्या पोरीच्या पायाशी येतो,” त्या म्हणाल्या, “त्यात विचारायचं काय?” विषय संपला. मी त्या रात्री जेवले नाही. साहेबांकडे जाण्याची भीती नव्हती, तेव्हा भीतीएवढी अक्कलही नव्हती. नुसती शिसारी होती. रोज सकाळी ती पाठ. दात घासायच्या आधी ती पाठ. आईला म्हटलं, मला पाठवू नकोस. ती भांडी घासत राहिली, आणि मला वाटलं, हिनेही मला सोडलं.

सुटी लागली आणि साहेब स्वतःच मला न्यायला आले. माझे दोन फ्रॉक पिशवीत भरलेले होते. माईंनी माझ्या पायाला हळदकुंकू लावलं होतं. गॅलरी भरलेली. आई आतल्या खोलीतून चहा घेऊन आली, कपबशी साहेबांसमोर ठेवली, आणि त्याच हाताने तिने मला दंडाला धरून मागे ओढलं.

“कुसुमला येता नाही यायचं,” आई म्हणाली. आवाज अगदी साधा, वाण्याकडे काही मिळालं नाही असं सांगावं तसा. “आज सकाळीच शहाणी झाली ती.”

मला आधी कळलंच नाही. शहाणी? मी तशी होतेच. मग गॅलरीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, साहेबांनी कपात पाहिलं, आणि माझे कान तापले. बहिणींना चार दिवस कोपऱ्यात बसलेलं मी पाहिलं होतं. मला तसलं काही झालेलं नव्हतं. मी तोंड उघडलं. आईच्या बोटांनी दंडात असा चिमटा घेतला की तोंड मिटलं.

अप्पा म्हणाले, “मग चार दिवसांनी...”

“आता चार दिवसांनी काय उपयोग?” आई माईंकडे वळली. असा आदर तिच्या तोंडावर मी आधी कधी पाहिला नव्हता. “माई, तुम्हीच नाही का सांगितलं होतं, पायाळू पोर एकदा शहाणी झाली की पायाचा गुण जातो म्हणून? उलट दुखणं वाढतं म्हणाला होतात.”

माईंनी असं कधी म्हटलेलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, आणि माईंना तर होतंच. पण सगळी चाळ आता माईंच्या तोंडाकडे बघत होती. मी असं म्हटलं नाही, असं म्हणायचं तर हे शास्त्र आपल्याला माहीत नव्हतं असं कबूल करण्यासारखं. जपमाळेचे मणी थांबले. मग माई हळूच म्हणाल्या, “जातो तर. आमच्या गावी एकीचा असाच गेला.” आणि मग त्यांना रंग चढला. तिने नंतर लाथ मारलेला माणूस कसा पुन्हा उभा राहिला नाही, इथपर्यंत त्या पोचल्या. साहेबांनी चहा अर्धा ठेवला. पट्टा सैल झाला होता तो त्यांनी आवळला आणि ते जिना उतरले, चढले होते त्यापेक्षा बरेच भराभर.

साहेब गेले आणि मी कोपऱ्यात बसले. खोटं असलं तरी ते पार पाडायलाच हवं होतं. वेगळी चटई, वेगळं ताट, लोटा दुरून सरकवलेला. काल ज्या पायाला हळदकुंकू लागत होतं त्याची सावलीही माईंना आज नको होती. पाणी पिताना माझा हात त्यांच्या लुगड्याजवळ गेला तर त्या अंग चोरून भिंतीला चिकटल्या. इतकी वर्षं मला लोकांची किळस येत होती, आता कोणाला तरी माझी येत होती, आणि तीही खोट्यावर. मला हसू आलं नाही. आईचा राग आला. सगळ्या चाळीसमोर असलं काहीतरी बोलली, तेही न झालेलं.

पण कोपऱ्यात बसून दुसरं काही करायला नव्हतं, तेव्हा मी तिला बघत बसले. दिवसभर एका जागेवरून कोणी आपल्या आईकडे बघत नसतं. बादली, मोरी, स्टोव्ह, पोळपाट. दर वेळी भिंतीवरचा तोच तेलकट डाग, तोच वाफेचा आवाज. एका दुपारी माई देवळात पुराण ऐकायला गेल्या होत्या आणि बहिणी दळण घेऊन गिरणीत. आई धुणं पिळून उठायला गेली आणि अर्ध्यातच अडकली. खाली बसता येईना, वर होता येईना. मग कशीतरी गुडघ्यांवर आली आणि तिथेच फरशीवर आडवी झाली.

माझा राग पळाला. “आई, पालथी हो,” मी म्हटलं. “मी पाय लावते. गुण गेला हे तू खोटंच सांगितलंस ना? म्हणजे तो आहे अजून.”

आई फरशीवर पडल्यापडल्या हसायला लागली आणि हसल्याने कळ आली म्हणून थांबली. “नव्हताच गं बाई,” ती म्हणाली. “तू डोक्याकडूनच आलीस, चारचौघींसारखी.”

मग तिने सांगितलं, छताकडे बघत. मी खडवलीला झाले, तिच्या माहेरी. आधीच्या दोघी मुली, आणि मीही मुलगीच. माई बारशाला आल्या त्या तोंड फिरवूनच. पाळण्यात वाकून बघायला तयार नव्हत्या. प्रवासाने त्यांची कंबर धरली होती, त्याचाही राग माझ्यावरच. “ह्या दोघी आणि वर ही,” असं त्या म्हणाल्या. आई म्हणाली, “काय झालं मला, कोणास ठाऊक. तोंडातून निघून गेलं, माई, पायाळू आहे हो ही. सुईण बघतच राहिली माझ्याकडे. पण गप्प बसली. आणि माईंनी तुला उचललं. स्वतःच्या हाताने तुझं पाऊल पाठीला लावून घेतलं. जाताना ताठ चालत गेल्या.”

“मग बाकीच्यांना गुण कसा यायचा?”

“यायचा खरा. कधीकधी तर मलाच वाटायचं, खरंच पायाळू असशील.”

“मग तू का नाही कधी लावून घेतलास?”

“मला ठाऊक असल्यावर मला कसा यायचा गुण?” आई म्हणाली. “एकदा खोटं बोलून तुला माईंच्या मांडीवर ठेवली. ते इतकं वाढेल असं वाटलं नव्हतं. तुला पाय घासताना बघायचे दर वेळी. मग परवा दुसऱ्यांदा बोलले.”

ती कुशीवर वळली, मग हळूहळू पालथी झाली. मी उठले. सवयीने डावा पाय पुढे गेला.

“पाय नको,” आई म्हणाली. “हातानं चेप.”

“मी शिवायची नाहीये.”

“चेप म्हणते ना.”

मी तिच्याजवळ बसले. चोळी घामाने पाठीला चिकटली होती, तिला साबणाचा, रॉकेलचा आणि कालच्या मिठाच्या शेकाचा वास होता. मणक्याच्या दोन्ही बाजूंना घामोळं, इतर सगळ्यांसारखंच. मी दोन्ही तळवे टेकवले आणि किळस यायची वाट बघत बसले.

“खाली,” आई म्हणाली. “आणखी खाली. हां, तिथेच.”

माईंची काठी जिन्यात वाजेपर्यंत मी हात काढले नाहीत.